मनाचं आजारपण, उपचार आणि आधारगट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे–नवी मुंबई)

दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात आमचा आधारगट बसतो, म्हणजे मनाच्या आजारातून जाणारी माणसं आणि त्यांच्या घरचे. दोन वर्षांपासून नेरुळलाही एक बसतो. मी धाकट्या भावाच्या आजारपणामुळे इथे आले आणि मग राहिलेच. व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर आणि बऱ्याचदा जिन्यात गाठून लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधं आणि कायद्याविषयीचा मजकूर जाणकारांकडून वाचून घेतला आहे. मतं माझी आहेत.

१. समग्र, समाजकेंद्री मानसोपचार म्हणजे नेमकं काय? योगासनं आणि सुगंधी मेणबत्त्या का?

मेणबत्त्या नाहीत. माणूस आजारी पडतो तेव्हा नुसतं डोकं आजारी पडत नाही. झोप, थायरॉइड, नोकरी, घराचा हप्ता, सासर, दारू, देव, मित्र हे सगळं त्यात गुंतलेलं असतं. उपचार करताना या सगळ्याकडे बघायचं, हा झाला ‘समग्र’ भाग. आणि बरं होण्याचं काही काम दवाखान्याच्या खोलीतून बाहेर काढून घर, शेजार, कामाची जागा आणि त्याच वाटेने गेलेली माणसं यांच्यात वाटून घ्यायचं, हा ‘समाजकेंद्री’ भाग. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक समुपदेशकाकडे जातो. उरलेले १६७ कोणासोबत आणि कसे जातात, यावर त्या एका तासाचं बरंचसं यश ठरतं.

घोडबंदर रोडवर ‘होलिस्टिक हीलिंग’च्या पाट्या वाढल्या आहेत. स्फटिक, मागचा जन्म, तीन बैठकींत नैराश्य मुळासकट काढण्याची हमी. ते दुकान वेगळं. मनाच्या आजारात हमी देणारा दिसला की मागे फिरावं.

२. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक... आधी कोणाकडे जाऊ?

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात आणि चाचण्या घेतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, ती विचारायला लाजू नका. ‘समुपदेशक’ या पाटीवर मात्र आजवर फारसं बंधन नव्हतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत तेही आले आहेत, पण तो नीट अमलात येईपर्यंत शिक्षण कुठे झालं आणि कोणाच्या देखरेखीखाली काम करता, हे तुम्हालाच विचारावं लागेल.

भास होत असतील, दिवसचे दिवस झोप नसेल, जेवण बंद असेल, जीव द्यायचे विचार असतील तर थेट मनोविकारतज्ज्ञ. एरवी फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंदावलेला माणूस नैराश्य आलेल्यासारखाच दिसतो आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे. आमच्या गटातल्या एका काकूंनी आठ महिने ‘सुनेचं वागणं मनाला लागलं’ यावर समुपदेशन घेतलं. सूनही थोडी कारण होतीच, पण मोठा वाटा थायरॉइडचा निघाला.

३. तज्ज्ञ नसलेली माणसं मदत करतात म्हणे. याला पुरावा आहे का?

आहे, पण सगळ्या आजारांसाठी नाही.

झिंबाब्वेमधल्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्यांच्या आवारात बाकडी टाकली आणि त्यांवर वस्तीतल्या आज्या बसवल्या. आज्यांना प्रश्न सोडवायची एक साधी, पायऱ्यापायऱ्यांची पद्धत शिकवली होती. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला जवळचा शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडच्या ‘विचार फार येतात हो’चा सख्खा भाऊच. २०१६ मध्ये या बाकड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २४ दवाखाने, ५७३ माणसं. सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्ट कमी होती. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, बिगरतज्ज्ञ समुपदेशक नेमले. सहा ते आठ बैठकी, आणि त्यांत भर कशावर, तर बंद पडलेल्या रोजच्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करण्यावर. २०१७ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्यातही त्याचा उपयोग दिसला. गुजरातेत मेहसाण्याच्या गावांमध्ये ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातलेच स्वयंसेवक हे काम करतात.

हे सगळं का करावं लागतं, तर आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

मात्र ‘तज्ज्ञ नाहीत ना, मग शेजारणींवर भागवा’ असा याचा अर्थ कोणी काढला की माझं डोकं फिरतं. वरचे प्रयोग नैराश्य आणि चिंतेवरचे आहेत. त्यांतल्या आज्यांना आणि समुपदेशकांना शिकवणारं, चुका दाखवणारं, अवघड माणूस आला तर पुढे पाठवायची सोय असलेलं कोणीतरी मागे उभं होतं. ते कोणी नसेल तर उरतं ते नुसतं बाकडं.

४. गटात नक्की होतं काय? पहिल्या दिवशी बोलावं लागतं का?

नाही. कित्येक जण पहिले तीन-चार शनिवार नुसते बसून जातात. एक गृहस्थ पाच महिने आले, चहा घेतला, गेले. सहाव्या महिन्यात बोलले ते चाळीस मिनिटं.

साधारण पंधरा-वीस जण गोल बसतात. आजारातून जाणाऱ्या व्यक्तीला आमच्याकडे ‘शुभार्थी’ म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. हे शब्द महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांमध्ये रुळलेले आहेत. सुरुवातीला मला जरा सोवळे वाटायचे, पण ‘पेशंट’ आणि ‘नातेवाईक’ यांपेक्षा बरे. ज्याला बोलायचंय तो पंधरवड्यात काय झालं ते सांगतो. नियम तीन. मध्ये तोडायचं नाही. ‘तुम्ही असं करा’ म्हणायचं नाही, ‘आमच्याकडे असं झालं तेव्हा आम्ही हे केलं’ म्हणायचं. आणि कोणाच्या गोळ्यांविषयी सल्ला द्यायचा नाही.

दुसरा नियम पाळणं सगळ्यात अवघड. आपल्या लोकांना सल्ला दिल्याशिवाय चहा पचत नाही. पण फरक मोठा आहे. ‘मुलाला सकाळी लवकर उठवत जा’ हे ऐकून आई खाली मान घालते. ‘माझा मुलगा दोन वर्षं बाराला उठायचा, मी रोज ओरडायचे, मग कळलं की ते गोळीमुळे आहे, डॉक्टरांनी वेळ बदलून दिली’ हे ऐकून तीच आई वही काढते.

५. आमच्या सोसायटीतलं कोणी तिथे भेटलं तर? चार लोकांत झालं तर मुलीच्या लग्नाचं काय?

हा प्रश्न मला रोज येतो आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. ‘समाज सांभाळून घेतो’ हे वाक्य भाषणात छान वाटतं. प्रत्यक्षात तोच समाज स्थळ मोडतो, भाड्याचं घर नाकारतो, मुलांना ‘त्या घरी जाऊ नका’ सांगतो. जात तर विचारूच नका. वस्तीतली भावकी एखाद्याला कडेवर घेते ती कधी कधी फक्त आपल्यातल्याला. आमच्या गटातही एकदा एका बाईंनी आडनाव विचारून मग खुर्ची लांब घेतली होती. तेव्हापासून आम्ही फक्त पहिलं नाव वापरतो.

तेव्हा सोय बघा. नौपाड्यातले काही जण मुद्दाम नेरुळला जातात आणि वाशी-कोपरखैरण्यातले ट्रान्सहार्बरची लोकल पकडून ठाण्याला येतात. यात लाज कसली. ओळखीचं कोणी भेटलंच, तर लक्षात ठेवा, तेही तिथे फिरायला आलेलं नाही. गटातलं गटात राहतं. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फक्त तारीख आणि वेळ. डॉक्टर आणि समुपदेशकांना तर गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच बांधून दिली आहे.

दोन अपवाद. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही घरच्यांशी बोलतो (प्रश्न १५). आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

६. गटात येऊन बरं वाटतंय. आता गोळ्या बंद करू का?

नाही. बरं वाटतंय ते गोळ्या चालू असल्यामुळेही असू शकतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायलाच बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं हे होतं, आणि स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमाचा आजार) किंवा बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) असेल तर आजार उलटण्याची भीती असते. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने. डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर दुसरे डॉक्टर शोधा, पण गोळी तोवर चालू ठेवा. भावाच्या पहिल्या डॉक्टरांनी आम्हाला चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधी दिला नाही. आम्ही डॉक्टर बदलण्याऐवजी गोळ्या सोडल्या. त्या चुकीची किंमत सहा महिन्यांनी कळली.

७. अश्वगंधा, उपास, विपश्यना हे सोबत चालेल ना?

डॉक्टरांना सांगून बरंच चालतं. न सांगता करू नये अशा गोष्टी मात्र आहेत.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे उपास. बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्या व्यक्तीने निर्जळी एकादशी, हरतालिका किंवा रोजा केला तर अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातली लिथियमची पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. उलट्या, हात थरथरणं, तोल जाणं ही लक्षणं दिसली तर लगेच रुग्णालय. मुंब्र्यातल्या एका ताईंनी रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारलं, हे मी गटात नेहमी सांगते. विचारलं की काहीतरी मार्ग निघतो.

अश्वगंधा झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढवू शकते आणि थायरॉइडवरही परिणाम करते. ‘नैसर्गिक आहे’ हे उत्तर नव्हे. धोतराही नैसर्गिकच आहे. विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन अनेकांना मानवतं, पण ज्याला भास किंवा उन्मादाचे झटके येऊन गेलेत त्याला ते झेपेलच असं नाही. प्रवेशअर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात ते याचसाठी, तिथे खोटं लिहू नका. साधी आसनं, चालणं, प्राणायाम यांना बहुतेक डॉक्टरांची हरकत नसते.

८. आई दर अमावास्येला देवऋष्याकडे नेते. मी भांडू का?

आमच्या आईने भावाला पहिली दीड वर्षं एका देवऋष्याकडे नेलं. मी भांडले. परिणाम एवढाच झाला की ती मला न सांगता नेऊ लागली.

आज मी तीनच गोष्टींवर अडून बसायला सांगते. गोळी बंद होणार नाही. अंगाला हात लागणार नाही. आणि त्यासाठी दागिने मोडायचे नाहीत की कर्ज काढायचं नाही. या तिन्ही पाळून आई अंगारा लावत असेल, मीठ-मोहरी उतरवत असेल, तर लावू दे. काहीतरी केल्याचं समाधान तिलाही हवं असतं, आणि आजाऱ्याला आपल्यासाठी कोणीतरी धडपडतंय हे दिसतं. बाहेरची बाधा म्हणा की मेंदूतली रसायनं, रात्रभर जागणाऱ्या आईला दोन्ही सारखीच अदृश्य.

दुसऱ्या गोष्टीवर मात्र तडजोड नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, दोराने किंवा साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची हत्या झाल्यानंतर त्याचा अध्यादेश निघाला. साखळीचा शेवट कुठे होतो ते तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि खांबांना बांधून ठेवलेल्या २८ जणांना पळताच आलं नाही.

मधला रस्ताही आहे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात ‘दवा आणि दुआ’ नावाने मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी चालवली गेली. मुजावर दुआ देऊन माणसाला तिकडे पाठवत. आपल्याकडचा एखादा भगत ‘माझं काम झालं, आता डॉक्टरला दाखव’ म्हणाला, तर त्याला माझ्याकडून नारळ.

९. भजनी मंडळ, सकाळचा चालण्याचा ग्रुप, भिशी यांनाही उपचार म्हणायचं का?

उपचार नको, आधार म्हणा. एकटेपणा मोडायला, दिवसाला आकार द्यायला ते फार कामाचे. मासुंदा तलावाभोवती रोज सकाळी चालणाऱ्यांपैकी कोणी दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. असा फोन करणारा दवाखाना मला ठाऊक नाही. पण ‘भजनाला जा, सगळं ठीक होईल’ हे तीव्र नैराश्यातल्या माणसाला सांगणं म्हणजे मोडल्या पायावर फुगडी घालायला लावणं.

१०. घरच्यांनी काय करायचं? आम्ही बोललो तरी त्रास, गप्प बसलो तरी त्रास.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून एक गोष्ट तपासली. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी कोणाचा आजार पुन्हा उलटतो? ज्या घरांत सतत टोचून बोलणं, राग, किंवा अतिकाळजीने कवटाळणं होतं, तिथे जास्त उलटत होता. पुढे चंदीगडसह इतर ठिकाणीही हे पाहिलं गेलं. यावरून घरच्यांनी आजार निर्माण केला असं ठरत नाही, हे तीनदा वाचा. ठरतं एवढंच की घरातलं बोलणं बदललं तर औषधाला हात मिळतो.

मराठी घरात टोचणी कशी येते ते आपल्याला माहीत आहे. ‘शेजारचा बघ, कुठे गेला.’ ‘एवढं शिकवून उपयोग काय.’ आणि कवटाळणं म्हणजे तिशीतल्या मुलाच्या आंघोळीच्या पाण्याला आईने बोट लावून बघणं. आमच्याकडे दोन्ही होतं. मी टोचायचे, आई कवटाळायची. आम्ही ठरवलं, दिवसातून एकच सूचना, तीही छोटी. ‘उठ, काम बघ’ऐवजी ‘दूध आणशील का?’ पहिल्या महिन्यात त्याने चारदा आणलं. मी सवयीने उरलेले सव्वीस दिवस मोजले, आई ते चार मोजत होती.

भारतात घरच्यांना उपचारात घेण्याची परंपरा जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला बोलावलं. वेल्लोरलाही घरच्यांना सोबत ठेवून घेण्याची पद्धत पडली. फिनलंडच्या टोर्निओ भागात १९८० च्या दशकापासून तर पहिल्याच भेटीला कुटुंब, मित्र, डॉक्टर सगळे एकत्र बसतात आणि रुग्णाच्या मागे काही ठरवत नाहीत.

११. नवरा पितो आणि कुठेही यायला तयार नाही. मी एकटी येऊन काय उपयोग?

या. त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडू बघणाऱ्यांचा स्वमदत गट १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केला. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. पुण्याच्या मुक्तांगणने, म्हणजे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राने, बायकांसाठी वेगळा गट चालवून दाखवला. बाई ‘त्याची बाटली कुठे लपवू’ यातून बाहेर पडली की घरातलं बरंच काही हलतं. कधी कधी तोही हलतो.

एक धोक्याची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याला देवाची शपथ घालून एका रात्रीत बंद करायला लावू नका. एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम आणि बरळणं. यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा.

१२. सून बाळंत झाल्यापासून रडते. सगळ्या म्हणतात सव्वा महिन्यात ठीक होईल.

पहिल्या आठवडा-दहा दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी, बाळाविषयी काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं असेल तर दाखवा. आणि बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, बाळाविषयी विचित्र शंका घेऊ लागली, रात्र रात्र जागून येरझारा घालू लागली, तर सव्वा महिना काय, सव्वा तासही थांबू नका. बाळाला तिच्याजवळ एकटं न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नीट उपचार मिळाले तर यातून बायका उत्तम बऱ्या होतात.

१३. ठाण्याच्या मनोरुग्णालयात एकदा भरती केलं की सोडत नाहीत, हे खरं का?

‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद ऐकत आम्ही ठाणेकर लहानाचे मोठे झालो. हे रुग्णालय १९०१ पासून आहे. राज्यात अशी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. पूर्वी माणसं वर्षानुवर्षं तिथे राहिली हे खरं, आणि त्यातल्या कित्येकांना घरच्यांनीच परत नेलं नाही हेही खरं.

आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू आहे, २९ मे २०१८ पासून. माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर तो स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकतो. स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत नसेल तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन जाणकारांनी तपासून, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि याच कायद्याने नेमलेल्या पुनर्विलोकन मंडळाला माहिती. साखळीला बंदी. भूल न देता शॉक देण्याला बंदी. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि प्रतिनिधी कोण, हे आधीच लिहूनही ठेवता येतं. आणि दाखल न होता नुसतं बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं, हे तर बहुतेकांच्या गावीच नसतं.

१४. खासगीत परवडत नाही. दुसरं काय आहे?

वरचं मनोरुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं रुग्णालय इथे चौकशी करा; सकाळी लवकर जा. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्थेने या शहराला मनाविषयी उघड बोलायची सवय लावली, तिथेही विचारा. रस्त्यावर भटकणारी मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर कर्जतला डॉ. भरत वटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र अशाच लोकांसाठी काम करतं.

विम्याचं म्हणाल तर शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा, असं कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात. दर आठवड्याचं समुपदेशन त्यात सहसा बसत नाही. पॉलिसीचा कागद वाचा, एजंटाचं तोंड नको.

१५. मित्र म्हणतो ‘नको वाटतंय जगणं’. सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात विचार घालतो आहे असं होणार नाही?

होणार नाही. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने विचार रुजत नाही, उलट कोणीतरी ऐकायला तयार आहे हे कळतं. ‘हो’ म्हणाला तर पुढे विचारा, कसं, कधी, काही जमवलंय का. उत्तर जेवढं ठरलेलं, तेवढी घाई. त्याला एकटं सोडू नका. घरातली उंदीर मारायची पेस्ट, साठलेल्या गोळ्या, गच्चीची किल्ली बाजूला करा. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा कुठलंही रुग्णालय. रात्र असेल तर १४४१६ किंवा ११२. ‘आईबापाचा विचार कर’ म्हणू नका. तो तेवढाच करत असतो.

प्रयत्न होऊन गेला असेल तर पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो आणि तिच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकतो.

१६. आमच्या इमारतीत एका तरुणाने आत्महत्या केली. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून बोलतं करावं का?

हेतू चांगला, पण जबरदस्तीने नको. एकाच बैठकीत सगळ्यांना तो प्रसंग सांगायला लावण्याने पुढचा त्रास टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काहींना उलट त्रास झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारात तीनच गोष्टी आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. कोण जेवत नाहीये ते बघा. बोलायचं असेल त्याचं ऐका. गरज असेल त्याला डॉक्टरांशी, नातेवाइकांशी, बँकेच्या कामाशी जोडून द्या. त्या घरी पंधरा दिवस डबा पोहोचवण्याची पाळी लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर कसं केलं, चिठ्ठीत काय होतं याची चर्चा अध्यक्षांनी तिथल्या तिथे बंद करावी; वयात येणारी मुलं ती वाचत असतात.

१७. गट कोणाला चालत नाही?

ज्याला आत्ता तीव्र भ्रम किंवा उन्माद आहे त्याला आधी डॉक्टर. तो स्थिरावला की गट. हिंसाचार करणारा नवरा आणि मार खाणारी बायको यांना एका गटात बसवत नाही. काहींना गटात दुसऱ्यांचं ऐकूनच त्रास होतो, त्यांनी एकास-एक समुपदेशन घ्यावं. आणि गट म्हणजे गिऱ्हाईक मिळवायची जागा समजणाऱ्यांना आम्ही चहासुद्धा देत नाही. दोघांना दिला नाही.

१८. आम्हाला ऐरोलीत असा गट सुरू करायचा आहे. काय लागेल?

फुकट किंवा स्वस्त जागा, ठरलेला वार आणि वेळ, आणि कोणी आलं नाही तरी तिथे जाऊन बसणारी दोन माणसं. दोन, कारण एक आजारी पडतं. आमच्या पहिल्या चार शनिवारी आम्ही तिघंच होतो. देवळाची किंवा पक्षाच्या शाखेची जागा टाळा, भले फुकट मिळो. काही लोक तिची पायरीच चढणार नाहीत. एक मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट महिन्यातून एकदा तुमच्याशी बोलायला तयार करा (का, ते प्रश्न ३ मध्ये आहे). बोलणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांनाही शीण येतो. आधी आमच्याकडे चार-पाचदा येऊन बसा, नियम प्रश्न ४ मध्ये आहेत. आणि उद्घाटन करू नका. नगरसेवकाचा सत्कार झाला की फोटो येतात, आणि मग लोक येत नाहीत.

१९. स्किझोफ्रेनिया पूर्ण बरा होतो का? खरं सांगा.

काहींना एकदाच झटका येतो आणि पुढे आयुष्य सरळ जातं. बऱ्याच जणांना चढउतार राहतात आणि गोळी दीर्घकाळ लागते. काहींना आजार फार कठीण जातो. कोणाचं काय होईल हे पहिल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत एक मोठा अभ्यास सुरू केला, त्यात आपलं आग्रा होतं. भारत आणि नायजेरियातले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे चालले होते. एकत्र कुटुंब, शेतावरचं जमेल तेवढं काम, की अभ्यासातच काही राहून गेलं, यावर अजून वाद आहे.

माझा भाऊ आता ४३ वर्षांचा आहे. स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करतो. आवाज अधूनमधून येतात; गर्दीच्या वेळी जास्त, म्हणून तो अकरानंतर जातो. रात्री साडेनऊला गोळी, त्याची त्याने घेतलेली. गेल्या पावसाळ्यात पुन्हा बिघडलं, डोस वाढवावा लागला आणि सात आठवडे तो कामावर गेला नाही. दुकानदाराने तेवढे दिवस दुसरा माणूस ठेवला नाही. दुपारी स्वतः मशीनवर उभा राहायचा.